विद्यार्थी लघुपटाची सुरुवात आणि कॅमेरा: कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण या पट्ट्यात महाविद्यालयात शिकणारी आणि पहिला लघुपट करायला निघालेली मुलं साधारण सारखेच प्रश्न विचारतात. बहुतेकांकडे एक चांगला मोबाईल असतो, कुणाचा तरी ट्रायपॉड असतो, आणि शूटिंगला शनिवार-रविवार मिळतो. गोष्ट डोक्यात असते, पण पहिला शॉट कुठून घ्यायचा हे ठरत नाही. अशा वेळी मोठ्या चित्रपटांची सुरुवात नीट वाचता आली तर खूप मदत होते. इथली उत्तरं त्यासाठीच आहेत.

सुरुवात म्हणजे नेमकी किती मिनिटं धरायची?

घड्याळ लावून ठरवू नका. नावं, कंपन्यांची बोधचिन्हं सोडून पहिल्या चित्रापासून मोजायला लागा आणि जिथे प्रेक्षकाला पहिला ठोस प्रश्न पडतो तिथे थांबा. हे कोण, हे इथे का आलेत, आता काय होणार, असा कुठलाही प्रश्न चालेल. पूर्ण लांबीच्या चित्रपटात हा टप्पा दोन मिनिटांपासून दहा मिनिटांपर्यंत कुठेही येतो. तुमच्या दहा मिनिटांच्या लघुपटात मात्र तो पहिल्या मिनिट-दीड मिनिटातच यायला हवा.

अख्खा चित्रपट सोडून फक्त सुरुवातच का अभ्यासायची?

सुरुवातीला प्रेक्षकाला काहीच माहीत नसतं. पुढे कथा, पात्रांवरचा जीव, संगीत या सगळ्यांचा आधार मिळतो आणि कॅमेऱ्याचं काम त्यात मिसळून जातं. पहिल्या काही शॉट्समध्ये कॅमेरा जवळजवळ एकटा असतो, म्हणून दिग्दर्शकाचे निर्णय तिथे सगळ्यात उघडे दिसतात. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. तीन मिनिटांचा भाग तुम्ही एका संध्याकाळी वीस वेळा बघू शकता.

बघायचं कसं? आम्ही बघतो, आवडतं, पण लिहायला काही सुचत नाही.

पहिल्यांदा बघा, काही लिहू नका. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. हे तिसरं बघणं बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच पुष्कळ सापडतं: कॅमेऱ्यानं न दाखवलेली जागा आवाजानं उभी केलेली असते.

त्यानंतर वही घ्या आणि प्रत्येक कटला, म्हणजे शॉट बदलतो तिथे, थांबवा. शॉटला क्रमांक द्या आणि तो किती सेकंद टिकला ते लिहा. लॉंग (लांबून), मिड (कमरेपासून वर) की क्लोजअप (अगदी जवळून) ते लिहा. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे, हलतो का, आणि हलत असेल तर कशामुळे हलायला लागतो तेही टिपा. पात्र चालायला लागलं म्हणून कॅमेरा हलला, की कोणी न हलताच तो स्वतःहून निघाला? हा फरक फार महत्त्वाचा आहे.

शेवटचे दोन रकाने मात्र कुठल्याही पुस्तकी तक्त्यात सहसा नसतात, आणि माझ्या मते सगळा अभ्यास त्यांच्यासाठीच करायचा. पहिला: या शॉटमध्ये मला नवं काय कळलं? दुसरा: ते पात्राला माहीत आहे का? हे दोन रकाने भरले की कॅमेरा कुणाच्या बाजूनं उभा आहे ते दिसायला लागतं. तिथून पुढे लिहायला सुचत नाही असं होत नाही.

लो अँगल म्हणजे सत्ता आणि हाय अँगल म्हणजे दुबळेपणा, हे बरोबर ना?

कधी कधी. पण हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ करून विश्लेषणात चिकटवू नका. मालवणच्या जेटीवर उभ्या माणसाचा होडीतून घेतलेला शॉट लो अँगलच असतो, कारण होडी खाली असते. त्यात सत्ता शोधायची गरज नाही. उंची आणि कोन आजूबाजूच्या शॉट्सच्या संदर्भात वाचा. सगळे शॉट डोळ्यांच्या पातळीवर असताना एकच खालून आला, तर त्याचं कारण शोधा.

‘कॅमेरा कुणाच्या बाजूनं’ हे उदाहरणानं सांगाल का?

दोन उदाहरणं घेऊ. दोन्हीत संवाद जवळजवळ नाहीत, म्हणून ती शिकायला सोपी आहेत.

सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४), छायालेखक सुब्रत मित्र. श्रीमंत घरातली एक तरुण बाई भरतकाम करते आहे. मग ती घरभर रेंगाळते, पुस्तक काढते, ठेवते. रस्त्यावरून आवाज येतो तशी ती हातात धरायची छोटी दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे धावते आणि फळ्यांच्या फटीतून बाहेरची माणसं बघते. त्या वेळी बाहेरचं जग आपल्याला तिच्या दुर्बिणीतूनच दिसतं, कॅमेरा रस्त्यावर उतरत नाही. मग नवरा पुस्तकात डोकं घालून व्हरांड्यातून तिच्या समोरून जातो आणि त्याचं तिच्याकडे लक्षही जात नाही. ती त्याच दुर्बिणीतून त्याला बघते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाइतकाच तो लांबचा झाला. ती दुर्बीण खाली घेते आणि कॅमेरा झटक्यात मागे येतो. तोवर आपण तिच्या डोळ्यांत होतो, आता तिला एकटीला बघतो. ‘ती एकाकी आहे’ हे वाक्य कुणी उच्चारलं नाही.

आता आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘रिअर विंडो’ (१९५४). इथे नायक झोपलेला आहे. कॅमेरा खिडकीतून बाहेर जातो, चौकाभोवतीच्या शेजाऱ्यांवरून फिरतो, नायकाच्या घामेजल्या चेहऱ्यावर येतो आणि तापमापक दाखवतो. पुढे प्लास्टरमधला पाय, मोडलेला कॅमेरा, भिंतीवर मोटारशर्यतीतल्या अपघाताचा फोटो, मग आणखी फोटो. हा माणूस छायाचित्रकार आहे, धोका पत्करतो, त्यातच पाय मोडला, आता उकाड्यात घरात अडकलाय, एवढं सगळं वस्तूंवरून कळतं. आणि हे सगळं आपल्याला तो जागा नसताना कळतं. कॅमेरा इथे कुणाचाच नाही, तो स्वतःच चौकस आहे. पुढे अख्खा चित्रपट दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याबद्दल आहे, आणि पहिल्या मिनिटांत तेच काम कॅमेऱ्यानं आपल्याकडून करून घेतलं.

एकात कॅमेरा बाईबरोबर आहे, दुसऱ्यात माणसाला वगळून एकटा फिरतो. दोन्हीतली हालचाल बघून ‘पॅन आहे, झूम आहे’ एवढंच लिहिलं तर हातात काही उरत नाही.

लॉंग टेक घ्यायचाच आहे. एकच शॉट, कट नाही. चालेल?

चालेल, पण आधी सांगा की कट का नको.

ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) सुरुवात याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आहे. क्रेनवरून घेतलेला, तीन मिनिटांहून थोडा जास्त चालणारा एकच शॉट. पहिल्याच क्षणी हातातला बॉम्ब दिसतो, त्याचं घड्याळ लावलं जातं, तो एका मोटारीच्या डिकीत ठेवला जातो. मग मोटार निघते, नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं रस्त्यानं चालत असतं, मोटार आणि ते दोघं पुन्हा पुन्हा एकमेकांजवळ येतात. घड्याळ चालू आहे हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. इथे कट केला असता तर मधला वेळ कुठेतरी गळून गेला असं वाटलं असतं आणि ताण सुटला असता. न थांबणाऱ्या वेळेला न तुटणारा शॉट लागतो.

तुमच्या गोष्टीत असा चालू असलेला वेळ आहे का? शेवटची एसटी सुटायला चार मिनिटं आहेत आणि मुलगी घाटीवरून उतरते आहे. फेरीबोट धक्क्याला लागते आहे आणि मोटारसायकलवाला अजून वळणावर आहे. असं काही असेल तर लॉंग टेक जरूर घ्या. तालीम मात्र मोबाईल हातात न घेता करा. चालणाऱ्यांचे रस्ते खडूनं आखा, कॅमेऱ्याचा रस्ता वेगळ्या रंगानं. हे जमेपर्यंत रेकॉर्डिंगचं बटण दाबू नका.

स्थिर कॅमेरा कंटाळवाणा वाटतो. शिक्षक म्हणतात हालचाल हवी.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) बघा आणि शिक्षकांनाही दाखवा. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, अंतर राखून उभा असतो. फ्रेममध्ये बरीच माणसं असतात आणि कुणाकडे बघायचं ते आपल्याला ठरवावं लागतं. दृश्यातलं काम संपल्यावरही कॅमेरा थोडा वेळ थांबतो. न्यायालयात खोळंबलेल्या माणसाचा वेळ आपल्याला त्यामुळे अंगावर जाणवतो. हालचाल केली असती तर तो वेळ हलका झाला असता.

आपल्या सिनेमाची सुरुवातही स्थिर कॅमेऱ्यानंच झाली. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) कॅमेरा समोर, नाटकाच्या प्रेक्षकासारखा बसलेला आहे. आपल्याकडे दशावतार बघताना प्रेक्षक असाच बसतो. राजा समोरून येतो, बाकड्यावर बसतो आणि आपल्याशी बोलतो. दशावतारी कलाकारावर लघुपट करणारी मुलं बऱ्याचदा रंगमंचाभोवती गिंबल (चालताना कॅमेरा हादरू न देणारा दांडा) घेऊन फिरतात. मला वाटतं, रंगमंचावरचं काम समोरून आणि स्थिर घ्यावं. कॅमेरा हलवायचा तर तो रंगपटात हलवा, जिथे कलाकार आरशासमोर रंग लावतो आणि अजून राजा झालेला नाही. दोन जागांचा फरक कॅमेऱ्यानंच दाखवला जाईल.

पहिला शॉट ड्रोनचा घेतला तर? समुद्र, माड, किल्ला एकदम दिसेल.

दिसेल, आणि तेवढंच दिसेल. कोकणात चित्रीकरण झालं की पहिला शॉट समुद्रावरून येणाऱ्या ड्रोनचा, हे इतकं झालंय की प्रेक्षक तो शॉट पर्यटनाच्या जाहिरातीसारखा बघतो आणि गोष्ट सुरू व्हायची वाट बघत बसतो. वरून बघणारा कोण आहे? गोष्टीत असं कोणी नसेल तर तो शॉट कुणाच्याच बाजूचा नाही.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ याच किनाऱ्यावर घडतो. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक आहेत. आईच्या बदलीमुळे नव्या गावात आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची ती गोष्ट आहे. त्यात पाऊस, समुद्र, किल्ला सगळं भरपूर आहे, पण ते त्या मुलाच्या मनःस्थितीला जोडून येतं. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. कोकण दाखवायचं कसं हे शिकायला हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघावा.

तरीही ड्रोन उडवायचाच असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे विभाग असतात, तुमची जागा कशात येते ते आधी बघा. किनाऱ्यावर बंदरं, विमानतळ, तटरक्षक दलाची ठिकाणं आहेत, त्यामुळे ‘इथे कोण बघतंय’ असं म्हणून चालत नाही.

विश्लेषण झालं. आता त्यातून आमच्या फिल्मपर्यंत कसं यायचं?

सगळ्यात जास्त अडचण इथेच येते, म्हणून एक गोष्ट घेऊन सविस्तर बघू.

गणपतीला पंधरा दिवस आहेत. वाडीत एक घर वर्षभर बंद आहे. घरचे मुंबईला, दरवर्षी चतुर्थीला येतात. किल्ली शेजारच्या काकीकडे असते. ती जाऊन दार उघडते, झाडलोट करते, गणपतीचा पाट पुसून ठेवते. पुढे कळतं की या वर्षी कोणी येणार नाही.

काकी दार उघडते, एवढीच सुरुवातीची कृती. ती तीन ठिकाणांहून घेता येते.

कॅमेरा काकीबरोबर ठेवला तर तो तिच्या खांद्यामागून पाणंदीतून चालेल, गडग्याजवळ थांबेल, तिच्या हातातल्या किल्लीच्या जुडग्यावर येईल. हँडहेल्ड चालेल, कारण चाल तिची आहे. कुलूप गंजलंय हे तिला कळेल तेव्हाच आपल्याला कळेल. पुढची बातमीही आपल्याला तिच्या बरोबरीनं लागेल.

कॅमेरा आधीपासून घरात ठेवला तर सगळं बदलतं. पहिला शॉट माजघरातला काळोख. कौलारात बसवलेल्या काचेच्या कौलातून उजेडाचा एक तिरका पट्टा शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलाय, त्यात धूळ तरंगते आहे. कॅमेरा स्थिर. बाहेरून पावलं, किल्लीचा आवाज, कडी निघते, दार करकरतं, आणि उजेडात काकीची नुसती आकृती. घर वाट बघत होतं असं वाटतं. भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या वर्षीच्या सप्टेंबरवरच थांबलंय. काकीचं त्याच्याकडे लक्ष नाही, आपलं आहे. झाडलोट करून ती जाते, दार लावते, आणि कॅमेरा आतच राहतो. इथे कोणी येणार नाही, ही शंका आपल्या मनात तिच्या आधी येते.

तिसरी जागा समोरच्या घराची पडवी. लांबून, रुंद फ्रेम. वाडीतल्या इतर घरांत रंगकाम चालू आहे, कोणी माटवीसाठी काठ्या बांधतंय, आणि मधलं एक घर काळं. काकी त्या फ्रेममध्ये लहानशी. ही काकीची गोष्ट राहत नाही, वाडीची होते.

कृती एकच, बाई एकच, दार एकच. लघुपटाचा शेवट काय आहे त्यावर जागा ठरते. मी दुसरी निवडली असती, कारण शेवटी काकी त्या घरात एकटीच दिवा लावते असं माझ्या मनात आहे आणि मला घराला साक्षीला ठेवायचंय. तुमचा शेवट मुंबईहून आलेल्या फोनवर असेल तर पहिलीच जागा बरोबर आहे.

आता बघा, यात ‘रिअर विंडो’मधली वस्तूंवरून बोलण्याची रीत आली, पण एकही शॉट तिथून उचललेला नाही. विश्लेषणातून निर्णय घ्या, चित्र घेऊ नका.

मग आवडता शॉट तसाच्या तसा घ्यायचाच नाही का?

सरावासाठी जरूर घ्या. एक सुरुवात निवडून ती मोबाईलवर शॉट टू शॉट पुन्हा चित्रित करणं हा उत्तम अभ्यास आहे. कुठे उभं राहावं लागलं, लेन्स किती रुंद होती, नटाला किती पावलं चालावं लागलं हे बघून कळत नाही, करून कळतं. फक्त तो सराव तुमच्या लघुपटात घालू नका.

सुरुवातीला किती शॉट असावेत?

दीड मिनिटाला सहा-सात शॉट पुरतात. वीस शॉट ठरवलेत तर दोन दिवसांत बारा होतील आणि त्यातले नेमके महत्त्वाचे राहतील.

स्टोरीबोर्ड काढता येत नाही. चित्रकला येत नाही.

लोकेशनवर जा, मित्राला पात्राच्या जागी उभा करा आणि मोबाईलनं फोटो काढा. फोटो क्रमानं लावले की स्टोरीबोर्ड तयार. हे फोटो शूटिंगच्या वेळेलाच काढा. सकाळी अकराला काढलेला फोटो संध्याकाळच्या शॉटचा अंदाज देत नाही. सोबत वरून बघितल्यासारखा एक नकाशा काढा: घर, दार, कॅमेरा, पात्र, सूर्य कुठून. दोन पात्रं बोलणार असतील तर त्यांच्यामधून एक रेषा ओढा आणि सगळे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे कटनंतर माणसं उलट्या दिशेला बघताना दिसणार नाहीत.

किनाऱ्यावर प्रकाशाचं गणित काय?

आपला समुद्र पश्चिमेला आहे, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. सकाळी समुद्राकडे तोंड करून कॅमेरा लावला तर सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असतो, चेहरे उजळ दिसतात आणि पाणीही रंगात येतं. पण किनाऱ्यामागे डोंगर असेल तर ऊन वाळूवर उशिरा उतरतं. पहाटे साडेसहाला जाऊन सोनेरी ऊन मिळेल या भरवशावर राहू नका, रेकीच्या, म्हणजे जागा बघायला जाण्याच्या, दिवशी बघून ठेवा.

संध्याकाळी त्याच जागी, त्याच दिशेला कॅमेरा लावलात तर माणसं काळ्या आकृत्या होतात. चेहरा हवा असेल तर कॅमेरा फिरवा: पाठीमागे समुद्र, समोर माडाची बनं, आणि मावळतीचं ऊन थेट पात्राच्या तोंडावर. समुद्राकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा संध्याकाळी फार सुंदर उजळतो. बघणारे बहुतेक सगळे सूर्य टिपण्यात गुंतलेले असतात.

दुपारी अकरा ते तीनमध्ये वाळूवर शूट करू नका. ती वेळ पडवीतल्या, माजघरातल्या शॉट्ससाठी ठेवा.

एका शॉटमध्ये पाणी जवळ, पुढच्यात लांब दिसतं. काय करायचं?

भरती-ओहोटी. ही कंटिन्युइटीतली चूक किनाऱ्यावरच्या लघुपटांत सर्रास दिसते. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे शनिवारी चारला घेतलेला शॉट रविवारी जुळवायचा तर पाचच्या सुमारास जावं लागेल, आणि तोवर प्रकाश बदललेला असेल. त्यापेक्षा पाण्याची कड दिसणारे सगळे शॉट एकाच दिवशी, एकापाठोपाठ घ्या.

आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा अंदाज आहे, पण शूटिंगची तारीख ठरवताना फार उपयोगी पडतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पुळण अरुंद होते, तेव्हा ट्रायपॉड आणि माणसं दोन्ही वर ठेवा.

पाण्याच्या पातळीवरून शॉट घ्यायचाय.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ची (१९७५) सुरुवात आठवून हा प्रश्न येतो. तिथे कॅमेरा पाण्याखालून सरकतो, मग पोहणाऱ्या मुलीला खालून बघतो. शार्क दिसत नाही, पण शार्कची नजर दिसते. ‘कुणाच्या बाजूनं’ याचं हे टोकाचं उदाहरण आहे.

तुम्ही मात्र खुल्या समुद्रात उतरू नका. खाडीच्या उथळ पाण्यात, दिवसाउजेडी, पोहता येणारं मोठं माणूस सोबत ठेवून, घट्ट बांधलेल्या होडीच्या कडेवरून कॅमेरा खाली धरा. पावसाळ्यात हेही नको.

मोबाईलवर कोणती सेटिंग्ज ठेवायची?

सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं घरातल्या ट्यूबखाली चित्र थरथरत नाही. बाहेर उन्हात एवढ्या शटरला चित्र जळून जातं, म्हणून एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. नसेल तर शटरचा वेग वाढवा, पण एका दृश्यात तो सारखाच ठेवा. एक्स्पोजर (चित्र किती उजळ), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक करा. काकीच्या गोष्टीत बंद घराच्या आतून घेतलेल्या शॉटमध्ये दार उघडल्यावर मोबाईल आपोआप चित्र गडद करील आणि सगळा परिणाम जाईल. बाहेरच्या उजेडावर एक्स्पोजर ठरवा, आत काळोख राहू द्या. डिजिटल झूम वापरू नका, दोन पावलं पुढे जा.

लेन्सवर खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर बसतो. दर थोड्या वेळानं सुती कापडानं पुसा, नाहीतर सगळं शूटिंग धुकट येतं.

आवाजात नुसता वारा येतो.

मोबाईलच्या माइकवर समुद्रकाठी संवाद घेऊ नका. दुसरा मोबाईल केसाळ विंडशील्डच्या कॉलर माइकसह पात्राच्या कपड्यात लपवा आणि सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे एडिटला जुळवता येतं. शिवाय प्रत्येक जागेचा एक-दोन मिनिटं नुसता आवाज घ्या. लाटांचा वेगळा, सुरूच्या बनातला वेगळा, बंद घरातला वेगळा.

हर्णैच्या मासळी लिलावात किंवा मिरकरवाडा बंदरात शूट करता येईल का?

तिथली गडबड बघून कुणालाही मोह होतो. पण लिलावाच्या वेळी तिथे लोकांच्या दिवसाच्या कमाईचा प्रश्न असतो. आदल्या दिवशी कॅमेरा न नेता जा. होड्यांच्या तांडेलांशी, मासळी विकणाऱ्या मावश्यांशी बोला, काय करायचंय ते सांगा, कुठे उभं राहिलं तर अडचण होणार नाही ते विचारा. ज्याचा क्लोजअप घेणार त्याची परवानगी घ्याच. बंदराच्या हद्दीत शूटिंगला तिथल्या कार्यालयाचीही परवानगी लागते.

कॅमेरा कमरेच्या उंचीवर, एका कोपऱ्यात स्थिर ठेवलात तर टोपल्या, हात, पावलं यांच्यातूनच दृश्य उभं राहतं, आणि कुणाच्या वाटेत येत नाही. आणि तारखा बघा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. बंदीच्या दिवसांतली गोष्ट असेल तर मात्र तेच महिने सोन्यासारखे.

सिंधुदुर्ग, विजयदुर्गवर?

दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. चित्रीकरणासाठी आधी लेखी परवानगी लागते, त्यासाठी महाविद्यालयाचं पत्र जोडा आणि हातात भरपूर दिवस ठेवा. किल्ला फक्त मागे दिसायला हवा असेल तर समोरच्या किनाऱ्यावरून बघा, बरेचदा तिथूनच फ्रेम चांगली मिळते.

विश्लेषण महाविद्यालयात जमा करायचंय. कसं लिहू?

शॉटचं वर्णन, त्याचा परिणाम आणि त्यातून तुमच्या फिल्मसाठी घेतलेला निर्णय, हे एकाच परिच्छेदात जोडून लिहा. ‘क्लोजअपमुळे भावना दिसतात’ असलं वाक्य कुठल्याही चित्रपटाला लागू पडतं, म्हणून ते खोडा. ‘नवरा जवळून जात असताना ती त्याला दुर्बिणीतून बघते, म्हणून जवळचा माणूस लांबचा वाटतो, आम्ही काकीला दाराच्या फटीतून दाखवणार आहोत, कारण आम्हाला घराला साक्षीला ठेवायचंय’ असं लिहिलंत तर तपासणाऱ्याला तुमचा विचार दिसतो.

सुरुवात जमली की नाही हे एडिटनंतर कसं कळणार?

ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा तिघा-चौघांना पहिलं दीड मिनिट दाखवा आणि थांबवा. आवडलं का हे विचारू नका. आता पुढे काय होईल असं वाटतं, आणि तुम्ही कुणाबरोबर आहात, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तरं ऐकताना मध्ये समजावून सांगायला जाऊ नका. चौघांनी चार वेगळ्या पात्रांची नावं घेतली तर एडिटिंगमध्ये झटापट करू नका, पहिल्या शॉटची जागा बदला आणि तो एक शॉट पुन्हा घ्या.